फ्रेंड्स : सहा माणसं, पंधरा जोड्या. सगळ्यात कच्ची जोडी कुठली?

तिसरी_घंटा
'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेवरचा कुठलाही धागा विसाव्या प्रतिसादाच्या आत रॉस-रेचलच्या 'ब्रेक'वर, म्हणजे तिसऱ्या सीझनमधल्या त्यांच्या ताटातुटीवर, जाऊन आदळतो. चूक कोणाची हा वाद इथे नको, कळकळीची विनंती. मला गटाबद्दल बोलायचंय.

सहा जणांत (मोनिका, रेचल, फीबी, रॉस, चँडलर, जोई) दोघादोघांच्या जोड्या होतात पंधरा. मालिका चालली २२ सप्टेंबर १९९४ पासून ६ मे २००४ पर्यंत. दहा सीझन, २३६ भाग. एवढ्या काळात या पंधरा जोड्यांच्या वाट्याला सारखं काहीच आलेलं नाही. चँडलर-जोई, मोनिका-रेचल, रॉस-रेचल आणि पुढे मोनिका-चँडलर या चार जोड्यांवर बहुतेक डोलारा उभा आहे. सगळे एकत्र बसलेले असताना हे जाणवत नाही, कारण कॉफीहाऊसच्या सोफ्यावर सहाही जण एकमेकांचे सारखेच जिवलग वाटतात. चौघांना बाजूला केलं की लगेच दिसतं.

माझी कसोटी अशी: दोघंच खोलीत आहेत, तिसऱ्या कुणाचा विषय काढायचा नाही, आणि तरी दोन-तीन मिनिटांचा सीन चालला पाहिजे. चँडलर-जोई यात डोळे झाकून पास. मोनिका-रॉस पास, कारण बहीण-भावाचं जुनं भांडण कायम हाताशी आहे. पण चँडलर आणि फीबी? ते दोघं बोलतात तेव्हा बहुतेक वेळा मोनिका किंवा जोईबद्दलच बोलतात. म्हणून माझं मत चँडलर-फीबीला.

तुमच्या मते कच्ची जोडी कुठली, का, आणि ती मुद्दाम कच्ची ठेवली की राहून गेली? भागांचे दाखले दिलेत तर फार बरं.

खिडकीपाशी
वाचतेय. माझं मत फीबी-रॉस. सविस्तर रात्री लिहिते.

उंबरठा
छान धागा. जोड्यांआधी प्रत्येक जण गटात कुठून आला ते पाहू या, कारण बरीच उत्तरं तिथेच आहेत.

मोनिका-रॉस हे गेलर घरातले सख्खे बहीण-भाऊ. रेचल मोनिकाची शाळेतली मैत्रीण. चँडलर रॉसचा कॉलेजातला रूममेट. म्हणजे हे चौघं घर, शाळा आणि कॉलेज या वाटेने आलेत, आणि चौघांचाही धागा गेलरांच्या घरापाशी येतो. उरले दोघं. फीबी ही मोनिकाची आधीची रूममेट आणि जोई हा चँडलरचा नंतरचा. दोघंही भाड्याच्या खोलीमुळे गटात आले. ना शाळा, ना नातं.

तिसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात, म्हणजे १९९३ च्या फ्लॅशबॅकमध्ये, हे नीट दाखवलंय. फीबी मोनिकाला न सांगता हळूहळू सामान हलवते, कारण मोनिकाच्या टापटिपीत तिला राहवत नाही. पण घर सोडलं तरी मैत्री राहिली. जोई उलट मोनिकाच्या समोरच्याच दारात आला.

फीबी-जोई या जोडीला एवढी सहजता आहे ती यामुळेच. ते दोघं जुन्या कुणाचे कोणी नाहीत. गटातली लग्नं पाहा: मोनिका-चँडलर आणि रॉस-रेचल, म्हणजे गेलरांच्या वाटेचे चारही जण आपापसांत जोडले गेले. फीबीने बाहेरच्या माइकशी लग्न केलं आणि जोई एकटाच राहिला. बाहेरून आलेले दोघे शेवटपर्यंत थोडे बाहेरचेच राहिले, असं मला वाटतं. दहा वर्षांत यावर कुणी मोठ्याने बोलत नाही, पण लेखकांच्या हातून ते उतरलंय.

चिंचगूळ
उंबरठा, प्रतिसाद आवडला. पण फीबीला 'बाहेरची' म्हणणं अर्धंच पटलं. पाचव्या सीझनच्या चौदाव्या भागात (११ फेब्रुवारी १९९९) सगळा डाव तीच चालवते. मोनिका-चँडलरच्या चोरट्या प्रेमाचं गुपित फोडायला ती चँडलरवर लाइन मारते, चँडलर उलटा डाव टाकतो, आणि दोघांपैकी कोणीच माघार घेत नाही. तिसऱ्याचा विषय तिथे आहेच, मान्य. तरी तेवढा वेळ सीन तोललाय त्या दोघांनीच.

तिसरी_घंटा, या भागानंतरही चँडलर-फीबी कच्ची?

तिसरी_घंटा
चिंचगूळ, तो भाग माझ्याही आवडीचा. पण तिथे दोघं एकमेकांना खोटं भासवतायत. ती त्यांची एकमेकांशी मैत्री नव्हे. मोनिका पडद्याआड नसेल तर त्या सीनमध्ये काहीच उरत नाही.

वाटाणा
चीजकेक!! रेचल-चँडलर जोडीला कोणी कच्ची म्हणायच्या आत लिहून ठेवतो. सातवा सीझन, अकरावा भाग. चुकून दारात आलेला दुसऱ्याचा चीजकेक दोघं चोरतात आणि शेवटी बाहेरच्या जिन्यापाशी जमिनीवर सांडलेला काट्याने खातात. तिसऱ्या कुणाचा विषय नाही, प्रेम नाही, भांडण नाही. धागाकर्तीच्या कसोटीला यापेक्षा शुद्ध उदाहरण सापडणार नाही.

जुनी_वही
वाटाणा, अनुमोदन. मात्र रेचल-चँडलर जोडीला इतिहासच धड नाही. त्यांची पहिली भेट मालिकेने चार वेळा बदलली.

पहिल्या भागात मोनिका रेचलची ओळख करून देते तेव्हा चँडलर अनोळखी असतो. तिसऱ्या सीझनच्या फ्लॅशबॅकमध्ये ते १९९३ मध्ये एका बारमध्ये समोरासमोर येतात. पाचव्या सीझनच्या आठव्या भागात चँडलर १९८७ च्या थँक्सगिव्हिंगला गेलरांच्या घरी जेवायला आलेला असतो आणि रेचल तिथे येते. त्याच रात्री तो मोनिकाला जाडी म्हणतो आणि पुढल्या वर्षी मोनिकामुळे चँडलरच्या पायाचं बोट कापलं जातं त्या प्रकरणाची ठिणगी पडते. दहाव्या सीझनच्या अकराव्या भागात तर कॉलेजच्या पार्टीत त्या दोघांनी एकमेकांना चुंबन दिलं होतं असंही निघतं.

याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. फ्लॅशबॅक लिहिताना मोनिका-चँडलर, रॉस-रेचल, रॉस-चँडलर या जोड्यांना भूतकाळ हवा होता, म्हणून सगळ्यांना एका खोलीत आणावं लागलं. रेचल आणि चँडलर त्या खोलीत योगायोगाने सापडले. ज्या जोडीची काळजी असते तिचा इतिहास जपला जातो. रॉसचं रेचलवर नववीपासून प्रेम, हे कधी बदललं का?

वाटाणा
हे जबरी आहे. चीजकेक मात्र सोडणार नाही.

काटकसर
जोड्यांच्या बाहेर गटाला उभा छेद देणारी एकच रेघ मला दिसते. ती म्हणजे पैसा. दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग.

एका बाजूला रॉस, चँडलर आणि नुकतीच बढती मिळालेली मोनिका. दुसऱ्या बाजूला फीबी, रेचल, जोई. रॉसच्या वाढदिवसाची वर्गणी माणशी ६२ डॉलर ठरते, म्हणजे भेट, केक आणि वर 'हूटी अँड द ब्लोफिश' या बँडच्या कार्यक्रमाची तिकिटं. मग बढती साजरी करायला महागडं रेस्टॉरंट. कमी पैसेवाले तिघं मेन्यूवरचं सगळ्यात स्वस्त मागवतात आणि बिल आल्यावर सहा सारखे भाग करायची सूचना येते. तिथे फीबी ठाम नकार देते. पुढे तिघांना तिकिटं भेट म्हणून दिली जातात, तर ती दया वाटते म्हणून नाकारली जातात. देणाऱ्यांनाही वाईट वाटतं, घेणाऱ्यांनाही.

या भागाचं लेखन फार काटेकोर आहे. भांडण पैशावरून आहे असं दिसतं, पण खरी दुखरी जागा 'तुम्हाला हे लक्षातच कसं आलं नाही' ही आहे. सहा जणांत तीन-तीन असे दोन गट दहा प्रकारे पडू शकतात. या मालिकेत इतकी नेमकी तीन विरुद्ध तीन फूट फार थोड्या वेळा पडते, आणि अशा वेळी मधे पडायला कोणी उरत नाही. त्या भागातही सुटका होते ती समजुतीने नाही. मोनिकाची नोकरी जाते. मांसपुरवठादाराने भेट दिलेली पाच स्टेक आणि एक वांगं तिने घेतलं, ती लाच समजली जाते. दु:ख मोठं झाल्यावर पैशाचा मुद्दा मागे पडतो. तो सुटलेला नसतो.

गवतीचहा
काटकसर, सहमत. म्हणूनच जोईने चँडलरचे पैसे परत केले तो प्रसंग मोठा वाटतो. त्याच सीझनचा चौदावा भाग. जोईला चांगलं काम मिळतं, तो चँडलरला ८१२ डॉलर देतो आणि वर सोन्याचं भडक ब्रेसलेट. चँडलरला ते ब्रेसलेट सहन होत नाही, तो त्याची चेष्टा करतो, आणि जोई मागे उभा असतो. पैसे फिटले तरी दुखावणूक झालीच. लेखकांना हे कळत होतं की मित्राने मित्राचे पैसे फेडणं हासुद्धा अवघड प्रसंग असतो.

आणि चँडलर-जोई ही सगळ्यात पक्की जोडी का, तर तिला खरा तडा देऊन दाखवलाय. चौथ्या सीझनमध्ये जोईची मैत्रीण कॅथी चँडलरला आवडते. सातव्या भागात तो तिचं चुंबन घेतो. आठव्या भागात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, जोई घर सोडून जायच्या तयारीत. चँडलर लाकडी खोक्यात बसतो. आतून बोलायचं नाही ही अट.

माफीच्या या भागाची बांधणी पाहा. आधी चँडलर नवीन फर्निचर आणून देतो, कारण घरफोडीत सगळं गेलेलं असतं. पण कॅथीबद्दल कळल्यावर त्याने जोईचा राग जात नाही. वस्तूने भागत नाही हे पक्कं झालं. मग शब्दांनी माफी, तीही नाही. मग शिक्षा, जी जोईच्या स्वत:च्या अनुभवातून आलेली आहे, कारण चोरी होताना तो स्वत:च कपाटात कोंडला गेला होता. शेवटी कॅथी येऊन 'भावांसारख्या दोघांमध्ये मी येणार नाही' अशा अर्थाचं बोलून निघते, आणि आतल्या चँडलरला गप्पच राहावं लागतं. त्याने काय गमावलं हे जोईला त्या क्षणी दिसतं आणि तोच त्याला बाहेर काढून तिच्या मागे पाठवतो. म्हणजे क्षमा मिळते ती खोक्यात बसल्यामुळे नाही. शब्द दिल्यावर, तो महागात पडत असतानाही, चँडलर पाळतो म्हणून.

फीबी आणि चँडलरमध्ये असलं काही लिहिता आलं असतं का? नाही, कारण तुटण्यासारखंच काही नव्हतं. म्हणून मत धागाकर्तीला.

खिडकीपाशी
आले परत. फीबी-रॉस.

दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात उत्क्रांतीवरून वाद होतो. रॉस पुराजीवशास्त्रज्ञ, फीबी उत्क्रांतीवर विश्वास नाही म्हणते. रॉस ब्रीफकेस भरून जीवाश्म घेऊन येतो. फीबी त्याला एवढंच विचारते की तू चूक असण्याची थोडीशी शक्यता तरी आहे का. तो कबूल करतो, आणि ती लगेच म्हणते की आता तुझ्याबद्दलचा आदर गेला, स्वत:च्या विश्वासाला तू इतक्या सहज सोडलंस. रॉस खचून निघून जातो. मला हा सीन जिवापाड आवडतो. पण बघा, यात दोघांमध्ये जवळीक कुठे आहे? वादाला दोन टोकं हवी होती, ती या दोघांनी पुरवली.

नवव्या सीझनच्या पंधराव्या भागात कळतं की लहानपणी रस्त्यावर राहणाऱ्या फीबीनेच रॉसला लुटलं होतं. नवव्या सीझनपर्यंत या जोडीला इतिहास द्यायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचला तो चोरीचा.

चिंचगूळ
सातव्या सीझनमधली सायकल विसरलात! फीबीला लहानपणी सायकल मिळाली नव्हती हे ऐकून रॉस तिला नवीकोरी सायकल आणून देतो. मग तिला चालवताच येत नाही, म्हणून शिकवतोही. हट्टाने, चिडून, पण शिकवतो. उत्क्रांतीच्या वादापेक्षा मला त्या जोडीबद्दल हा भाग जास्त सांगतो.

खिडकीपाशी
हो, सायकल आहे. ठीक, माझं मत डळमळलं. विचार करते.

सरळरेघ
गुपितांबद्दल कोणीच लिहिलं नाही? गटातली खरी जवळीक मोजायची तर मोनिका-चँडलरचं गुपित कोणाला कोणत्या क्रमाने कळलं ते पाहा.

लंडनला, चौथ्या सीझनच्या अखेरीस, सुरुवात. पाचव्या सीझनच्या पाचव्या भागात जोईला कळतं, मोनिकाचं पापण्या वळवायचं यंत्र हॉटेलात राहिल्याचा फोन त्याच्याकडे येतो म्हणून. अकराव्या भागात रेचल फोनवरचं बोलणं ऐकते. चौदाव्यात फीबीला समोरच्या इमारतीच्या खिडकीतून दिसतं. त्याच भागाच्या शेवटी रॉसला, त्याच खिडकीतून.

क्रम उगाच नाही. आधी चँडलरचा सगळ्यात जवळचा, मग मोनिकाची सगळ्यात जवळची, मग फीबी, आणि सगळ्यात शेवटी तो एकटा, ज्याचं दोन्हीकडे नातं आहे. तो एकाचा भाऊ आणि दुसऱ्याचा कॉलेजमित्र, म्हणून त्याला सांगणं सगळ्यात कठीण.

आणि मधल्या काळाची किंमत जोई भरतो. नवव्या भागात चँडलरची चड्डी, व्हिडिओ कॅमेरा, मोनिकाचा फोटो, सगळ्याचा आळ तो स्वत:वर घेतो. गटात गुपित ठेवायचं तर कोणीतरी वाईट ठरावं लागतं, आणि तो जोईच असतो, कारण त्याच्याबद्दल सगळे लगेच विश्वास ठेवतात. एवढी निष्ठा बाकी कोणी दाखवलेली नाही.

उंबरठा
सरळरेघ, क्या बात. रॉसच्या बाजूने एक भर. सहाव्या सीझनच्या नवव्या भागात उघड होतं की गेलर आईवडिलांचा चँडलरवर एवढा राग का. कॉलेजच्या दिवसांत रॉस गांजा ओढत असताना आईवडिलांना वास आला, आणि त्याने नाव चँडलरचं सांगितलं. कितीतरी वर्षं चँडलर त्या घरात बदनाम, आणि रॉसने ते निस्तरलं नव्हतं. पाचव्या सीझनच्या पंधराव्या भागात 'माझा जिवलग आणि माझी बहीण' म्हणून संतापणाऱ्या रॉसकडे हे लक्षात ठेवून पुन्हा पाहा. रॉस-चँडलर ही जोडी बाहेरून पक्की आहे, पण देणं एकाच बाजूला साचलेलं आहे.

माजघरवाली
थोडं अवांतर, पण संबंध आहे. झी मराठीवर २०१५ मध्ये 'दिल दोस्ती दुनियादारी' आली तेव्हा सगळ्यांनी फ्रेंड्सशी तुलना केली. सुजय, कैवल्य, आशू, मीनल, रेश्मा, अ‍ॅना, हेही सहाच. पण रचनेत मोठा फरक आहे. तिथे सहाही जण एकाच घरात, माजघरात. फ्रेंड्समध्ये समोरासमोर दोन घरं (आधी ४ आणि ५ क्रमांक, पुढे १९ आणि २०) आणि रॉस, फीबी वेगळे राहणारे.

एका घरात सहा जण असले की रुसून जायला जागा नाही, त्यामुळे भांडणं घरकाम, भाडं, स्वयंपाक यांवर येतात आणि लवकर मिटतात. दोन घरं असली की कोण कुठल्या घरात बसतो यावरच नाटक उभं राहतं. चौथ्या सीझनच्या बाराव्या भागातली पैज आठवा. रॉस प्रश्नमंजूषा घेतो, मुली घर पणाला लावतात आणि चँडलर काय काम करतो या प्रश्नावर हरतात. इतकी वर्षं समोर राहून मोनिका-रेचलला चँडलरची नोकरी माहीत नाही! धागाकर्तीच्या प्रश्नाला हा भागसुद्धा उत्तर आहे.

सरळरेघ
आणि पुढे त्यातलीच एक त्याच्याशी लग्न करते.

गवतीचहा
मोनिका-रेचल या जोडीबद्दल एवढं कमी का बोललं गेलं? ती पक्की आहे म्हणून? मला ती सगळ्यात गुंतागुंतीची वाटते. मालिकेची सुरुवातच मुळी अशी होते की रेचलने मोनिकाला लग्नाला बोलावलेलं नसतं आणि तरी लग्नातून पळाल्यावर ती येते मोनिकाकडेच. सातव्या सीझनच्या पहिल्या भागात मोनिकाच्या साखरपुड्याच्या रात्री रेचल रॉसचं चुंबन घेताना सापडते, आणि मोनिका म्हणते की आजची रात्र माझी होती. शाळेत सगळ्यांचं लक्ष रेचलकडे असायचं, ते मोनिका पंचविशी-तिशीतही विसरलेली नाही. दोघींचं प्रेम खरं आहे आणि हिशेबही खरा आहे. लेखकांनी दोन्ही सोडलं नाही याचं मला फार कौतुक वाटतं.

काटकसर
ब्रेकनंतरचं गटाचं वागणंही इथे यायला हवं. (चूक कोणाची यावर शब्दही काढत नाही, घंटाताई.)

तिसऱ्या सीझनच्या सोळाव्या भागात रॉस-रेचल दिवाणखान्यात तुटतायत आणि बाकीचे चौघं मोनिकाच्या खोलीत अडकलेले. बाहेर पडावं तर भांडणाच्या मधे, म्हणून तासन् तास आत, आणि भूक लागल्यावर केस काढायच्या मेणावर पाळी. सतराव्या भागात रेचल स्कीइंगची सहल ठरवते, रॉसला न बोलावता. रॉस दुखावतो. मधल्या चौघांना वाटून घ्यावं लागतं, आणि आईवडिलांचा घटस्फोट पाहिलेला चँडलर पुन्हा सिगारेट ओढायला लागतो. वाटेत पेट्रोल संपल्यावर मदतीला बोलवायचं कोणाला, तर रॉसलाच.

पाचव्या सीझनमध्ये रॉसची बायको एमिली अट घालते की रॉसने रेचलला भेटायचं नाही. तेव्हा रेचलला 'किप'ची भीती वाटते. किप हा चँडलरचा जुना रूममेट, मोनिकाबरोबर होता, त्यांचं तुटल्यावर सगळ्यांनी मैत्री ठेवायचं वचन दिलं आणि तो हळूहळू गटातून गळाला. हे एका वाक्यात येतं, पण महत्त्वाचं आहे. या गटातून माणूस गळू शकतो, पूर्वी गळलाय. गट अतूट आहे या समजाला मालिकेनेच दिलेलं हे उत्तर आहे.

जुनी_वही
किप हा सातवा. बरोबर पकडलंत.

वाटाणा
जोई-रेचलचं प्रेम कोणाला पटलं होतं का? आठव्या सीझनमध्ये जोई तिच्यात गुंततो तो भाग सुंदर आहे, कारण त्याला माहीत असतं की यातून काही व्हायचं नाही. दहाव्यात ते खरंच एकत्र येतात आणि तिसऱ्या भागापर्यंत संपतं, कारण दोघांना एकमेकांना स्पर्श करणंच जमत नाही.

सरळरेघ
जोईचं काम करणाऱ्या मॅट लेब्लांकलाही ते रुचलं नव्हतं, हे पुढे सांगितलं गेलंय. माझ्या मते बिघडलं ते इथे: एकत्र राहताना जोई-रेचल ही जोडी निव्वळ मैत्री म्हणून फार चांगली तयार झाली होती. आधीच भरलेल्या जोडीवर आणखी भार टाकला, आणि ज्या जोड्या रिकाम्या होत्या त्या रिकाम्याच ठेवल्या.

कलाकारांनी मात्र याच्या उलट केलं. तिसऱ्या सीझनपासून सहाही जणांनी मानधनाची बोलणी एकत्र केली आणि सगळ्यांना सारखेच मिळाले: त्या सीझनला भागामागे ७५,००० डॉलर, शेवटच्या दोन सीझनना १० लाख. रॉसचं काम करणारा डेव्हिड श्विमर तेव्हा जास्त मागू शकला असता, तरी त्याने समान मानधनाचा आग्रह धरला. पडद्यावरच्या वर्गणीच्या भांडणानंतरचं हे पाहिलं की बरं वाटतं.

गणितातली_काकू
सगळं वाचून काढलं. आता मूळ प्रश्नावर.

सहा जणांचे तीन जोड्यांत वाटप करायचे प्रकारही पंधराच होतात. सिटकॉमच्या साधारण बावीस मिनिटांत तीन कथा चालवायच्या तर प्रत्येकीला दोघं देणं ही सगळ्यात सोपी वाटणी. म्हणजे लेखकांपुढे दर आठवड्याला पंधरा पर्याय होते.

आता पहिल्या सीझनचा पाचवा भाग पाहा, ऑक्टोबर १९९४. रॉस रेचलला लाँड्रीत कपडे धुवायला शिकवतो. चँडलर आणि फीबी दोघं मिळून एकाच वेळी आपापल्या जोडीदारांशी संबंध तोडायला बसतात, चँडलर जॅनिसशी आणि फीबी टोनीशी. फीबी एका मिठीत मोकळी होते, चँडलरला जमत नाही, शेवटी त्याचं कामही फीबीच करून देते. आणि जोई मोनिकाला बरोबर घेऊन एका जोडप्याला फोडायला जातो, तेही ते जोडपं म्हणजे भाऊ-बहीण आहेत अशी तिला थाप मारून.

तीन कथा, तीन जोड्या, कोणी उरलेलं नाही. आणि त्यात चँडलर-फीबी आणि मोनिका-जोई दोन्ही आहेत, ज्यांना आपण आज कच्च्या म्हणतोय. सुरुवातीला लेखकांच्या मनात मोनिका आणि जोई यांची प्रेमकथा होती हेही इथे लक्षात घ्या. म्हणजे या जोड्या जन्मत: कच्च्या नव्हत्या. रॉस-रेचल लोकांना आवडले, पुढे लंडनचं प्रकरण एका रात्रीपुरतं लिहिलेलं असताना प्रेक्षकांनी स्टुडिओ डोक्यावर घेतला, आणि जागा त्या जोड्यांकडे गेली.

तर माझं उत्तर: चँडलर-फीबी ही कच्ची नाही, ती पाचव्या भागात जुळली होती आणि मग अर्ध्यात सोडली. खरी कच्ची मोनिका-जोई. तो खातो, ती वाढते, यापलीकडे त्यांना फार थोडं मिळालं.

तिसरी_घंटा
काकू, तो भाग कित्येकदा पाहूनही ही वाटणी माझ्या लक्षात आली नव्हती. चँडलर-फीबी मागे घेते.

मोनिका-जोईवर मात्र सातव्या सीझनचा सोळावा भाग विसरता येत नाही. लंडनमध्ये त्या रात्री मोनिका मुळात जोईला शोधत आली होती, हे तिथे निघतं. चँडलर इतका बिथरतो की लग्न लावायला जोई नको म्हणतो. त्या आधीच्या थापेचाही संबंध लावा: पाचव्या सीझनच्या नवव्या भागात जोईला वाचवायला मोनिका स्वत:च सांगते की लंडनमध्ये मी जोईबरोबर होते. तेव्हा ती थाप होती आणि नंतर अर्धी खरी निघाली. एवढा माल असताना या दोघांना त्यावर एकमेकांशी बोलायला एकही पुरेसा सीन नाही. मनातलं चँडलरशी, रॉसशी, पण एकमेकांशी नाही. म्हणून मत मोनिका-जोईला.

खिडकीपाशी
माझंही. सायकल पाहून आले, फीबी-रॉसला सोडलं.

वाटाणा
कोणाला या जोड्या सलग पाहायच्या असतील तर काकूंच्या भागापासून सुरू करा: १ला सीझन ५वा भाग, २रा सीझन ३रा आणि ५वा, ४था सीझन ८वा, ५वा सीझन ९वा आणि १४वा, ७वा सीझन ९वा, ११वा आणि १६वा. ७वा सीझन ९वा भाग सायकलचा, ११वा चीजकेकचा. या क्रमाने पाहिलं तर सहाही जण जोडीजोडीने डोळ्यांसमोर येतात आणि रॉस-रेचल जवळजवळ मधे येत नाहीत.